आत्याकडची प्रत

कृष्णाकाठच्या माणसाला घरातली कुठली वस्तू किती उंचीवर ठेवायची हे शिकवावं लागत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ झाले की धोका. पावसाळ्यात आमच्या गल्लीत कुणी ‘किती झालं?’ असं विचारलं, तर ते पाण्याबद्दलच असतं. आमच्या जुन्या घरात धान्य खाली, अंथरुणं फडताळात आणि कागद माळ्यावर अशी आजीने लावून दिलेली व्यवस्था होती. कागद म्हणजे हिरव्या पत्र्याची एक ट्रंक.

त्या ट्रंकेत लाल रुमालात बांधलेले घराचे दस्त होते, गुंडाळी केलेल्या पत्रिका होत्या, आजोबांची पत्रं होती आणि काळ्या जाड पानांचे तीन अल्बम. पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. तो उलटताना होणारा आवाज मला अजून ऐकू येतो. बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात निगेटिव्ह, बटर पेपरच्या पाकिटांत. सगळ्यावर डांबरगोळ्यांचा वास. दसरा झाला, ऊन कडक झालं की ट्रंक खाली यायची. आजी सगळं पडवीत, सावलीत पसरायची, एकेक कागद हातात घेऊन कसर लागली आहे का बघायची आणि नव्या डांबरगोळ्या घालून परत बांधायची. वर्षातून एकदा, न चुकता.

फोटो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काढलेले. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो निघणारा. १२ म्हणजे १२च, त्यामुळे बटण दाबण्याआधी अण्णा चार पावलं मागेपुढे व्हायचे, आम्हाला उन्हाकडे तोंड करायला लावायचे, आईला पदर सारखा करायला सांगायचे. हरिपूरच्या संगमावर एका श्रावणात काढलेला आमचा फोटो तर मिळून पाच मिनिटांचा कार्यक्रम होता. रोल धुवून आला की प्रत्येक चांगल्या फोटोच्या ते तीन प्रती काढायचे. एक आपल्या अल्बमात, एक बेळगावला मामाकडे, एक नागपूरला आत्याकडे. मागे निळ्या-काळ्या शाईत, तिरक्या अक्षरात गाव, महिना, साल आणि ‘डावीकडून’ करत सगळ्यांची नावं. पाकिटात पुठ्ठा घालायचा, वर लिहायचं ‘आत फोटो आहेत, दुमडू नये’, आणि सायकलवरून पोस्टात.

माझ्या हातात कारभार आला तेव्हा ट्रंकेचं महत्त्व कमी झालं होतं. फ्लॉप्या आल्या, गेल्या, १.४४ एमबीच्या फ्लॉपीत आजच्या फोनचा एक फोटोसुद्धा मावणार नाही. मग ७०० एमबीच्या सीडी. मी २००४ साली मोठ्या हौसेने ताईच्या लग्नाच्या सीड्या लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ठेवल्या. काही वर्षांनी त्यातल्या निम्म्या वाचता येईनात. सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने, दमटपणाने विरत जातो, आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. कागदाला कसर लागली तर आजीला दिसायची. इथे वस्तू चकचकीत आणि आतलं नाहीसं.

त्यानंतर सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर भरलं. २०१३च्या मे महिन्यात ती टेबलावरून, चालू असताना, फरशीवर पडली. जेमतेम अडीच फूट. परत लावली तर आतून टक्, टक्, टक् असा एकसारखा आवाज. डिस्कच्या तबकडीवरून तिचं वाचणारं टोक केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. फिरत असताना धक्का बसला की ते तबकडीला घासतं आणि जिथे घासतं तिथलं कायमचं जातं. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून घेऊन मान हलवली. माझ्या लेकीची पहिली दोन वर्षं त्यात होती. तिचं पहिलं पाऊल, आणि अण्णांच्या मांडीवरची ती. अण्णा २०११ साली गेले, म्हणजे ते फोटो पुन्हा काढण्यासारखेही नव्हते. दुसरी प्रत नव्हती. मी कुणाला पाठवलेच नव्हते ते, कारण ‘नंतर निवडून पाठवू’ असं दोन वर्षं चाललं होतं.

आणि मग २०१९. २००५च्या पुरात घरात छातीइतकं पाणी आलं होतं, पण माळा कोरडा राहिला होता, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही ट्रंकेची काळजी न करता विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठ-दहा दिवसांनी चिखलातून वाट काढत घरात शिरलो, माळ्यावर चढलो, ट्रंक हलवली तर आत पाणी डुचमळलं.

अल्बम मी ओट्यावर उघडला. घाई केली. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यात तो फुगतो, मऊ होतो. जाळीचा कागद उचलला तसा संगमावरचा फोटो त्याच्याबरोबर उचलला गेला. कागदाला अण्णांचा चेहरा उलटा चिकटलेला आणि खाली पांढरं. आई शेजारी उभी होती. तिने माझ्या हातातून अल्बम काढून घेतला आणि मिटला.

रात्री नागपूरहून आत्याचा फोन आला, घराची चौकशी करायला. आईने फोटोंचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग आत्या म्हणाली, “अगं, माझ्याकडे आहेत की सगळे.” अण्णांनी पाठवलेलं एकूण एक पाकीट तिने स्टीलच्या डब्यात जपलं होतं. महिन्याभरात तिचा नातू महाराष्ट्र एक्स्प्रेसने तो डबा घेऊन मिरजेला उतरला. १४३ फोटो. मागच्या शाईसकट.

त्या डब्यातून आमच्या घरातला आजचा डबा आला, असंच मी म्हणेन. ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, २०२०च्या टाळेबंदीनंतर तो आणून लावला. नेटवर्क स्टोरेज, पोरं ‘नास’ म्हणतात. आई डबाच म्हणते. दिसायला जाड पुस्तकाएवढा, आत ४ टीबीच्या दोन डिस्क, राउटरला वायरने जोडलेला, शेजारी यूपीएस, कारण आमच्याकडे वळिवात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसऱ्यावर. एक बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहतं आणि नवी बसवली की डबा तिच्यावर स्वतःच सगळं उतरवून घेतो. घरात वायफाय मिळालं की प्रत्येकाच्या फोनमधले फोटो आपापल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. पुढच्या वर्षी, १ जून २०२१ला, गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली तेव्हा आम्हाला धावपळ करावी लागली नाही.

पण भाच्याने पहिल्याच दिवशी मला बजावलं, “मामा, दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं समजू नकोस. चुकून पुसलंस तर दोन्हीवरून पुसलं जाईल. घरात पाणी आलं तर दोन्ही एकदम जातील.” चुकून पुसण्यावर उपाय डब्यातच आहे, तो रोज रात्री त्या दिवसाची स्थिती नोंदवून ठेवतो आणि मागच्या तारखेला जाऊन फाइल परत आणता येते. पाण्यावर उपाय डब्यात नाही. मग त्याने तो नियम सांगितला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. मी ऐकत होतो आणि डोळ्यांसमोर सायकलला पाय लावून पोस्टासमोर उभे असलेले अण्णा येत होते. सांगली, बेळगाव, नागपूर.

घराबाहेरची प्रत पुण्याला, ताईच्या घरी. ७०० जीबी इंटरनेटवरून चढवायला दिवस गेले असते, म्हणून ताईने आपला डबा इथे आणला, रात्रभर दोन्ही शेजारी-शेजारी जोडून ठेवले आणि सकाळी तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती एसटीने पुण्याला गेली. आता रोज रात्री दोनला फक्त नवं तेवढं एकमेकांकडे जातं, तेही आमच्या खासगी जोडणीतून. डबा थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, यावर भाचा ठाम आहे. २०२१ आणि २०२२मध्ये जगभरातले असे हजारो डबे खंडणीखोरांनी कुलूपबंद केले होते.

जुलै २०२१मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेलं. या वेळी मी डब्याची वायर काढली, त्याला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि बरोबर घेतलं. पण खरं सांगतो, तो राहिला असता तरी चाललं असतं. मी आईची औषधं दोनदा मोजून घेतली. २०१९ला ती राहिली होती.

या डब्याने मला फार दिलं आहे. दिवाळीत सगळे जमले की टीव्हीवर अल्बम लागतो आणि फराळ हातातच राहतो. आईने अनारशाची कृती सांगितलेली, तिच्याच आवाजात, मधे कुकरच्या शिट्टीसकट, आत आहे. आत्याकडचे १४३ फोटो मी ६०० डीपीआयवर स्कॅन केले, पुढून आणि मागूनही. मागचं सोडायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. स्कॅन केलेल्या फोटोला डबा स्कॅनची तारीख लावतो. संगमावरचा श्रावण माझ्याकडे आधी टाळेबंदीत जाऊन पडला होता. अण्णांच्या शाईवरून मी एकेकाची तारीख दुरुस्त केली. ‘डावीकडून’पुढची नावं फाइलच्या नावात घातली.

नव्या फोटोंना मात्र पाठच नाही. त्यात सेकंदापर्यंतची वेळ असते, जागेचे अक्षांश-रेखांश असतात, पण शेजारी उभा असलेला तो मुलगा कोण, हे कुठेच नसतं. आज ३८ हजार आहेत, आणि जपण्याच्या सोयीने आम्हाला निवडण्याची सवय सोडायला लावली, ही माझी खरी तक्रार आहे. अण्णांना १२मधून निवडावं लागे आणि ते निवडत.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी वर्षाचे १२ निवडतो. लेक शेजारी बसते, वाद घालते, तिचे तीन हट्टाने घालते. स्टुडिओतून प्रत्येकाच्या तीन प्रती काढून आणतो. मागे नावं लिहायचं काम तिचं, शाईच्या पेनने. पुठ्ठा मी कापतो.

पाकीट पोचल्यावर नागपूरहून फोन आला. आत्या आता ८६ वर्षांची आहे. चष्मा लावून तिने आधी फोटो उलटे करून पाहिले असणार.

“मागे कुणी लिहिलंय रे?”

“नातीने तुझ्या.”

“दादासारखं तिरकं नाही अक्षर,” ती म्हणाली, “पण लागतंय सगळं. डब्यात ठेवते.”