गाणं चालू असेपर्यंत

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांत बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र, सोबत्याला स्फूर्ती देतो ती अशी: साठ फुटांच्या आतला, आवाज ऐकू येणारा एक जण निवडायचा, त्याला सहा बाजूंचा फासा द्यायचा, आणि दहा मिनिटांच्या आत त्याने तो आपल्या वीस बाजूंच्या फाशात एकदा मिळवायचा. नियम सुटसुटीत आहे, टेबलावर कुठे अडत नाही. पण गाणं सुरू होतं त्याच क्षणी संपतं. मंत्राला एक उच्चार पुरतो. गाण्याला वेळ लागतो, आणि त्याची सगळी ताकद त्या वेळातच असते. बार्डची जादू रचताना मी इथूनच सुरुवात करतो.

०

याच खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) ही जाण होती. धीर देणारं गाणं सोबत्याला ऐकू येईपर्यंत टिकायचं, वर आणखी पाच फेऱ्या. गाता गाता तलवार चालवता यायची, पण मंत्र टाकता येत नसत. हे बंधन मला फार मोलाचं वाटतं. बार्डचा गळा गुंतलेला आहे हे प्रत्येक फेरीत जाणवत राहतं.

‘पाथफाइंडर’ या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) धीराचं गाणं एका फेरीचं, ते चालू ठेवायचं तर दर फेरीला पुन्हा कृती खर्चायची, आणि एका वेळी एकच रचना. हाही चांगला रस्ता.

०

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये बार्ड पहिल्यांदा आला १९७६ साली, ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात, डग श्वेगमनच्या लेखातून. १९७८च्या पुस्तकात त्याच्या विद्यापीठांना फोक्लुकन, डॉस, क्ली, ओलाव अशी नावं होती. ती जुन्या आयर्लंडमधल्या कवींच्या पायऱ्यांवरून घेतलेली. ओलाव सर्वांत वरचा.

०

आयर्लंडच्याच पुराणकथांतला देव दाग्दा. शत्रूंनी त्याची वीणा पळवली. तो आणि त्याचे सोबती लुग व ओग्मा शत्रूंच्या मेजवानीच्या दालनात शिरले. दाग्दाने हाक मारताच वीणा भिंतीवरून सुटून त्याच्याकडे आली. मग त्याने तीन सुरावटी वाजवल्या: रडवणारी, हसवणारी, झोपवणारी. सारं सैन्य झोपलं आणि तिघे सुखरूप बाहेर पडले.

रचनाकाराने इथे थांबून पाहावं. या सुरावटींत आगीचे गोळे नाहीत, जखमा नाहीत. मनाच्या तीन अवस्था, एकामागून एक. आणि परिणाम निवडक माणसांवर नाही, साऱ्या सैन्यावर. मी माझ्या नियमात हे एक पाऊल पुढे नेलं आहे: झोपेची धून सोबत्यांनाही झोपवते. ज्यांना जागं राहायचंय त्यांनी कानांत मेण घालावं, आणि मग बार्डची सावध करणारी हाकही त्यांना ऐकू येणार नाही, हे गृहीत धरावं.

०

मसुदा. गाणं तीन फेऱ्यांत चढतं. पहिल्या फेरीत नुसता ठेका. फायदा काही नाही, पण शत्रूला ऐकू जातो, म्हणजे लपलेला बार्ड उघडा पडतो. दुसऱ्या फेरीत सोबत्यांच्या फाशात एक मिळतो, तिसऱ्यात दोन. त्यानंतर बार्डने हवं तेव्हा समेवर यावं: एकच मोठा परिणाम, आणि गाणं संपलं. मध्ये मार बसला आणि फासा चुकला, तर गाणं एक पायरी उतरतं. तुटत नाही.

समेवर कधी यायचं, ही निवड बार्डच्या खेळाडूला हवी. आमच्या टेबलावर तिसऱ्या फेरीत सगळे त्याच्याकडे बघायला लागतात. आधी कुणी बघत नसे.

०

झील. पोवाड्यात शाहीर पुढे डफ घेऊन, मागे झीलकरी तुणतुणं आणि झांज धरून ‘जी जी’ची साथ देतात. ती साथ नसेल तर शाहिराला श्वास घ्यायलाही जागा नाही. तेव्हा नियम: आपल्या पाळीत कृती खर्चून कुणीही झील धरू शकतो, त्या फेरीत गाणं उतरत नाही. पुलावरच्या लढाईत ड्वार्फची खेळाडू कुऱ्हाड रोखून थांबली आणि म्हणाली, “मारू, की झील धरू?” हा प्रश्न पडावा यासाठीच नियम होता.

०

खेळाडूला गाता आलंच पाहिजे अशी अट कधीही घालू नये. लाजरा माणूस बार्ड व्हायला येतो तो याच आशेने. त्याला एवढंच विचारावं: लय कोणती, आणि कुणासाठी गातोयस?

०

वाद्यानुसार फरक हवाच. बासरी वाजवताना बोलता येत नाही, म्हणून शब्दांची जादू बंद. डफाला दोन्ही हात लागतात, ढाल गेली. ढोल लांबवर पोचतो. गळा बेड्या घातल्या तरी चालतो. आणि वीस फूट त्रिज्येचा नीरवतेचा मंत्र पडला, की त्या गोलाच्या आत सगळेच मुके. त्याच्यासमोर बार्ड खरोखर हतबल असावा. पळवाट देऊ नये.

०

निंदा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत बार्डच्या जहरी टोमण्याने चार बाजूंच्या फाशाएवढी इजा होते. आयरिश कथेत ब्रेस राजाने कवी केर्ब्रेचा नीट पाहुणचार केला नाही, कवीने त्याच्यावर निंदाकाव्य रचलं, आणि तिथून राजाची भरभराट ओसरली. इजेपेक्षा हे कितीतरी भयंकर. म्हणून माझ्याकडे निंदेची जखम शरीराला नसते: ज्या गावात ते गाणं पोचलं, तिथे त्या माणसाला उधार मिळत नाही, पहारेकरी दार उशिरा उघडतात. अट एकच, निंदा खरी हवी. त्या माणसाचा एक तरी दोष खेळात आधी शोधून काढलेला असावा. नसेल, तर बार्डने गाणं बाजूला ठेवून त्याच्या नोकरांशी बोलावं.