फ्रेम की मास्क?

पाऊस उघडला की आमच्या ऑफिसातली काही मंडळी भोर-वेल्ह्यात भटकायला निघणार आहेत. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं २०२४ मध्ये ठरलं, पण तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) निम्मे जण पहिल्यांदाच गड चढणार. त्यांच्यासाठी छोटं माहितीपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं: राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर. फोटो ढीगभर, प्रश्न एकच. फोटो फ्रेममध्ये बसवायचे, की मास्क लावायचा?

तसं बघितलं तर दोन्ही एकाच जातीचे. मूळ फोटो शाबूत राहतो, फक्त काही भाग झाकला जातो. फरक एवढाच की कड कोण ठरवतं.

फ्रेममध्ये कड पान ठरवतं. इनडिझाइनमध्ये आधी चौकट आखायची, मग आत फोटो टाकायचा. उद्या फोटो बदलला तरी चौकट जागची हलत नाही. आपल्या भाषेत, चौकट म्हणजे व्हेरिएबल आणि फोटो म्हणजे त्यातली व्हॅल्यू. कोरल ड्रॉमधलं पॉवरक्लिप साधारण हेच करतं.

मास्कमध्ये कड चित्रच ठरवतं. फोटोशॉपच्या लेयर मास्कवर पांढरं ते दिसतं, काळं ते लपतं आणि करडं ते अर्धवट दिसतं. डोंगरावरून विरत जाणारं धुकं दाखवायचं तर हे करडं लागतंच. साध्या चौकटीला ते जमत नाही.

मुखपृष्ठाला म्हणून मास्कच घेतला. राजगडाच्या बालेकिल्ल्याची कड धरून आकाश लपवलं आणि शीर्षक डोंगरामागून डोकावेल असं ठेवलं. झकास दिसतंय!

वाद झाला तो आतल्या पानांवरून. एका मैत्रिणीचं म्हणणं, इथेही माणसं कापून घे, मागचा पसारा कशाला? दिसायला छानच दिसलं असतं. पण बालेकिल्ल्याच्या कातळावरून चढणाऱ्या माणसामागची दरी लपवली, की तो सोसायटीचा जिना चढतोय असं वाटतं. रायरेश्वराच्या लोखंडी शिडीचंही तेच. ज्याला उंचीची भीती वाटते, किंवा जो लहान मुलाला बरोबर आणणार आहे, तो हेच फोटो बघून यायचं की नाही ते ठरवणार. त्याच्यासाठी मागचा पसारा हीच खरी माहिती.

अर्थात नुसती फ्रेम घेऊन भागत नाही. चौकट आडवी ठेवली तर खालचा उतार कापला जातो आणि चढ पुन्हा सोपा दिसायला लागतो. म्हणून या दोन फोटोंना उभ्या चौकटी दिल्या. मजकूर चार ओळींनी कमी झाला, होऊ दे.

तर सध्या माझा हिशोब असा: फोटो नुसता सजावटीला असेल तर मास्क खुशाल वापरा. फोटो बघून कुणी पाऊल टाकणार असेल तर फ्रेम, आणि तीही दरी दिसेल एवढी मोठी.