हिमकण, दव नव्हे

दर हिवाळ्यात आमच्या घरी एक वाद ठरलेला. पेपरात गोंदियाचं किमान तापमान ७-८ अंश, महाबळेश्वरचं ११-१२, आणि तरी फोटो कोणाचा? तर वेण्णा तलावाच्या काठावरच्या हिमकणांचा! "पारा आपला खाली, अन् बर्फ त्यांच्याकडं?" बाबांना हा सरळसरळ विदर्भावरचा अन्याय वाटायचा. तशी कात्रणं त्यांच्या फाइलीत जपून ठेवलेली.

शेवटी यंदा जानेवारीत महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. गोंदिया ते सातारा एकच गाडी, पुढे एसटी. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे एसटीचं तिकीट शून्य. (कोण आनंद!)

पण त्यांना दमा. पहाटेच्या गारठ्यात नेणार कसं? म्हटलं, तुम्ही झोपा, मी फोटो काढून आणतो.

साडेसहाला काठावर पोहोचलो. नावांच्या फळ्यांवर, गवतावर पांढरा थर. बोट फिरवलं तर खरखरीत! बाबांच्या कोड्याचं उत्तर तिथेच होतं. पेपरातला पारा जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या पेटीतल्या हवेचा. तलाव खोलगट भागात. रात्री थंड, जड हवा उतारावरून तिथे येऊन साचते. आभाळ निरभ्र असेल तर फळ्या आणि पानं त्या हवेपेक्षाही गार होतात, आणि त्यांच्यावरचं दव गोठतं.

फोटो मात्र फसले. पांढरं दिसलं की कॅमेरा त्याला करडं करून टाकतो, एक्स्पोजर वाढवावं लागतं. हे सुचेपर्यंत ऊन आलं आणि सगळं पाणी झालं.

बाबांनी फोटो पाहिला. "हे त दव आहे बे."

दुसऱ्या दिवशी ऐकेचनात. कानटोपी, मफलर, खिशात इन्हेलर. मी चिडलो, भांडलो, शेवटी टॅक्सी केली. रात्रीतून ढग आले होते. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडीच, उष्णता वर जाऊ देत नाहीत. फळ्या नुसत्या ओल्या. बाबांनी एकीवरून बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. परत येताना सारखे खोकत होते. मी घाबरून गप्प.

संध्याकाळी परतीची गाडी. बाबांनी कॅमेरा मागून घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. बोलले काहीच नाहीत.

परवा ती फाइल उघडली. शेवटच्या कात्रणाशेजारी माझा करडा फोटो, प्रिंट काढून चिकटवलेला. खाली त्यांच्या अक्षरात: "हिमकण. दव नव्हे. मुलाने स्वतः हात लावून पाहिले."