टनामागे काही रुपये

गेवराईकडून येताना शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात मळीचा वास यायचा. एसटीतलं कुणीतरी म्हणायचं, ‘आला कारखाना.’ गाव महाकाळा, पण उतरणारा ‘कारखान्यावर’ उतरायचा. भोवती वसलेल्या वसाहतीला अंकुशनगर हे नाव मिळालं ते संस्थापक अंकुशराव टोपे यांच्यावरून. साखर कारखान्याला नाव समर्थांचं, कारण रामदासांचं जांब याच टापूतलं. आणि शिक्षणसंस्थेला अंबडच्या मत्स्योदरी देवीचं. माणसं उभी करत होती यंत्रं आणि शाळा, नावं मात्र घरच्या देवघरातली देत होती. मला ते फार आवडतं.

आज ‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द शहरातल्या सभागृहांत ऐकू येतो. नफा हवा, पण तो कुणाच्या तरी भल्यासाठी. काम एका गावात जमलं की दहा गावांत न्यायचं. मला ते ऐकताना अंकुशनगर आठवतं. लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्यांची जी वाट घातली आणि जिच्यावरचा पहिला कारखाना 1950 साली धुराडं पेटवून मोकळा झाला, त्याच वाटेवरचं हे मराठवाड्यातलं ठिकाण. इथे ती वाट उशिरा पोहोचली, कारण आधी पाणी पोहोचायला हवं होतं. जायकवाडीची पायाभरणी 1965 ची, लोकार्पण 1976 चं. डावा कालवा आला तेव्हा कापूस-बाजरीच्या रानात पहिल्यांदा उसाची लागण झाली.

त्या काळातला सभासद आठवून पाहा. शेअरची पावती त्याच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी असायची. दसरा-दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटायचा, गव्हाणीत मोळी पडायची, आणि मग हंगामभर भोंग्यावर घरातली कामं चालायची. बैलगाड्यांची रांग रस्त्यावर लागायची. गाडीवान गाडीखालीच झोपायचे. नोंद, तोडीची चिठ्ठी, काट्यावरचं वजन, सगळं कागदावर. उशीर व्हायचा, ऊस वाळायचा, वजन घटायचं. मी त्या दिवसांना सोन्याचा मुलामा देणार नाही. पण सर्वसाधारण सभेत दोन एकरवाला उठून ताळेबंदावर प्रश्न विचारायचा, आणि चेअरमनला उत्तर द्यावं लागायचं. शेअर कितीही असोत, मत एकच. आजच्या भाषेत ज्याला प्रभाव मोजणं म्हणतात, ते त्या मांडवात तोंडी व्हायचं.

आणि कपात. सहकारी कारखान्यांत ऊसबिलातून टनामागे काही रुपये शिक्षणासाठी, काही ठेव म्हणून कापले जायचे. कुरकुर व्हायची, पण अशा रुपयांतूनच महाराष्ट्रभर शाळा आणि महाविद्यालयं उभी राहिली. इथे मत्स्योदरी शिक्षण संस्था अंबडपुरती न राहता जालन्यापर्यंत गेली. आज तिचं अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. एका कामातून दुसरं काम जन्माला येणं, यालाच मी वाढ म्हणतो. गाळप किती टनांनी वाढलं हा हिशेब त्यानंतरचा.

आता बैलगाड्या कमी, ट्रॅक्टर जास्त. काही फडांत यंत्रानेच तोडणी होते. वजनाचा निरोप मोबाइलवर येतो, पैसे खात्यात जमा होतात. कारखान्याचं दुसरं युनिट तीर्थपुरीला आहे. सगळीकडेच साखरेबरोबर वीज आणि इथेनॉल आलंय. 2009 पासून किमान भावाची जागा एफआरपीने, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराने, घेतली, चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. आणि झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, उठल्यापासून शेतकरी ज्याचा भाव चांगला त्याला ऊस घालतो. हे स्वातंत्र्य चांगलंच. फक्त त्याने सभासदाचा हळूहळू पुरवठादार झाला. पुरवठादार भाव विचारतो. शाळेचं काय झालं, हे तो विचारत नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचा पर्याय 2002 च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने आला. तिथेही मत एकच. त्यांच्याकडे मी आशेने बघतो, पण मांडवातला तो दोन एकरवाला तिथे उठतोय का, हे पाहावं लागेल.

याच जालना जिल्ह्यात दुसरी एक वाट आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने कडवंचीत पाणलोटाचं काम उभं केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घातले, मग शेततळी आली, मग द्राक्षं. तिथे गावोगावचे शेतकरी बघायला येतात आणि जे पटलं ते घेऊन जातात. कडवंचीला स्वतः मोठं व्हावं लागलं नाही. 2012 च्या दुष्काळात जालना कोरडा पडला तेव्हा कालव्याच्या भरवशावरच्या उसाने काय सोसलं ते आम्ही पाहिलं. त्या साली कडवंचीची आठवण काढणारी माणसं मला बरोबर वाटली.

कारखान्याच्या तेव्हाच्या गोष्टीत एक मोठी उणीव होती, ती लपवून स्मरणाला अर्थ नाही. पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरणारी जोडी सभासद नव्हती. मुकादमाची उचल घेऊन ती दरसाल यायची, पाचटाच्या खोपीत राहायची, आणि तिची पोरं मोळ्यांच्या सावलीत वाढायची. ज्या रुपयांतून शाळा बांधल्या, ते रुपये तिच्या घामातूनही आलेले; पण शाळा दुसऱ्यांची होती. पुढे ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या, फडाजवळच पाटी-पेन्सिल नेली. ती मुलं हंगाम संपला की पुन्हा गावी जायची आणि तिथल्या वर्गात अनोळखी ठरायची, तरी तो काळ वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

आता गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले आहेत. पुन्हा टन, पुन्हा कपात. संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली आहे. त्यात बीड, नगरबरोबर जालनाही आहे, मुलामुलींची निराळी. आई-बाप फडात गेले तरी मुलीने गावाजवळच राहून शिकावं, एवढी साधी त्यातली मागणी. पुढच्या मोळीपूजनाला महाकाळ्यात जे जमतील, त्यांनी भावाबरोबर एक प्रश्न तिथेच विचारावा: आपल्या गाळपातले ते दहा रुपये निघाले का, आणि आपल्याकडे येणाऱ्या टोळ्यांतल्या किती मुली यंदा वसतिगृहात आहेत?