बाराशे सदुसष्ट

बाईंचं कागदोपत्री नाव दीड ओळीचं आहे, पण न्यूयॉर्क काय आणि दिल्ली काय, सगळे त्यांना नुसतं 'बाराशे सदुसष्ट' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची ही निर्बंध समिती ऑक्टोबर १९९९मध्ये जन्मली. ठरावाचा क्रमांक तेच नाव. जन्म झाला तो तालिबानला वठणीवर आणायला. पुढे अल कायदाचा बंदोबस्त आला, २०११मध्ये तालिबानला वेगळी चूल मिळाली, २०१५मध्ये इसिसची भर पडली. माणसं बदलली, बाईंचं हाकेचं नाव बदललं नाही.

आवाज चढवणं बाईंच्या स्वभावातच नाही. निर्बंधांच्या यादीत घालायचं नाव परिषदेच्या पंधरा सदस्यांकडे फिरवायचं आणि कामकाजाचे दहा दिवस गप्प बसायचं. मतदान नाही, हात वर करणं नाही. कोणी हरकत घेतली नाही की नाव चढलं.

भिडस्त मात्र भारी! चौदा जण राजी असले तरी एकाने 'जरा थांबा' म्हटलं की बाई थांबल्याच. या थांबण्याला 'टेक्निकल होल्ड' म्हणतात: सहा महिने, वर तीन वाढवून. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव भारताने २००९मध्ये पुढे केलं. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर पुन्हा केलं. पुलवामाच्या हल्ल्यानंतर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने केलं, तरी मार्च २०१९मध्ये चीनचा हात आडवा आलाच. मग अमेरिकेने हा विषय बाईंच्या बंद खोलीतून थेट परिषदेत न्यायची तयारी चालवली, आणि १ मे रोजी चीनची हरकत विरली. नोंदीत पुलवामाचा उल्लेख मात्र नाही. नाव देणारे आणि हरकत घेणारे, दोन्ही घरची मर्जी राखायची, तर एवढं चालायचंच.

मनात आणलं तर बाईंना घाईही जमते. मुंबईवर हल्ला झाला २६ नोव्हेंबर २००८ला; १० डिसेंबरला लष्कर-ए-तोयबाचे हाफिज सईद आणि लखवी यादीत होते.

शिक्षा तीनच: पैसा गोठवणं, प्रवासबंदी, शस्त्रबंदी. पण बाईंच्या पदरी ना शिपाई ना तुरुंग. हुकूम त्यांचा, अंमल ज्याच्या त्याच्या सरकारचा. सरकारने काणाडोळा केला, तर यादीतला माणूस खुशाल सभा गाजवतो.

शिवाय बाई दयाळू आहेत. खाती गोठवली तरी भाडं, किराणा, औषधपाण्यापुरते पैसे काढू देतात. फक्त सरकारने रीतसर कळवायचं. हाफिज सईद एके काळी लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात प्राध्यापक, त्याचं पेन्शनही गोठलेल्या खात्यात. २०१९मध्ये पाकिस्तानने अर्ज केला: चौघांचं कुटुंब आहे, घरखर्चाला महिना दीड लाख रुपये काढू द्यावेत. बाईंनी कागद पंधरा जणांकडे फिरवला. हरकतीची मुदत होती १५ ऑगस्ट. कोणी ब्र काढला नाही, आणि दीड लाख मंजूर झाले.