अठ्ठ्याहत्तर पानांची पोथी

माणसाने चाळिशी ओलांडल्यावर काही नवीन शिकू लागावे, याला आपल्याकडे फारशी मान्यता नाही. शिकायचेच असेल तर योगासने शिकावीत, फार तर पेटी शिकावी. शेजारीपाजारी समजून घेतात. पण महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईने टॅरोचे पत्ते वाचायला शिकावे, हे कुणाच्याच पचनी पडत नाही. आमच्या शिक्षकदालनात ही बातमी फुटली तेव्हा एका सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवून अत्यंत गंभीरपणे विचारले, "बाई, पोपट कुठे ठेवलात?"

पोपट नव्हता. मुलीने हौसेने मागवलेला आणि आठ दिवसांत फळीवर टाकलेला पत्त्यांचा जोड मात्र होता. घरात आलेला छापील कागद न वाचता ठेवायचा नाही, ही आमच्या धंद्याची जुनी खोड. एका दुपारी मी ती पेटी उघडली आणि पत्ते जमिनीवर मांडले. सबंध सतरंजी भरली तरी ते संपेनात. एकूण अठ्ठ्याहत्तर पाने! त्यांतली छप्पन्न आपल्या नेहमीच्या पत्त्यांची चुलत भावंडे. रंग चारच, पण बदाम-किलवर यांच्याऐवजी पेले, काठ्या, तलवारी आणि नाणी. गुलाम, राणी, राजा यांच्या जोडीला एक घोडेस्वार जास्त, म्हणून प्रत्येक रंगाची पाने तेराऐवजी चौदा. उरलेली बावीस मात्र स्वतंत्र चित्रांची : मूर्ख, जादूगार, संन्यासी, दैवचक्र, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य.

नवशिक्याची पहिली अडचण पाठांतराची. पेटीतल्या पुस्तिकेत प्रत्येक पानाचा एक अर्थ सुलट आणि एक उलट, म्हणजे एकूण एकशे छप्पन्न अर्थ. रूपावली पाठ करताना झाली नव्हती एवढी माझी दमछाक झाली. तलवारींची तिर्री म्हणजे दुःख, हे एकदा पाहिल्यावर विसरणे शक्यच नाही. लालभडक हृदयात तीन तलवारी आरपार आणि मागे पाऊस! पण नाण्यांच्या दुर्रीला काय म्हणायचे आणि काठ्यांच्या नव्वीला काय, हे डोक्यात राहीना. शेवटी मी वही घातली. रोज सकाळी एक पान काढायचे, चित्रात काय दिसते ते आधी लिहायचे आणि मगच पुस्तिका उघडायची. पुस्तिका ज्या पानाला एका शब्दात निकालात काढी, त्यात मला कधी कुत्रे दिसे, कधी लांबवर एखादे घर, कधी कोपऱ्यातली गोगलगाय. तेराव्या क्रमांकाच्या मृत्यूच्या पानावर घोड्यावर बसलेला सांगाडा सगळ्यांनाच दिसतो; पण मागे दोन मनोऱ्यांच्या मधोमध सूर्य आहे, तो पाहायला मला तीन दिवस लागले.

मग साहजिकच ही पाने आली कुठून, याचा शोध सुरू झाला आणि माझी मोठी करमणूक झाली. हे ज्ञान प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे, असे अजूनही मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ही गोष्ट पसरवली कूर द झेबलँ नावाच्या फ्रेंच पंडिताने, १७८१ साली. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस पृथ्वीवर नव्हता! शाँपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये. आणि तीत टॅरोचा मागमूसही निघाला नाही. खरी हकिगत साधी आहे. खेळायचे पत्ते चौदाव्या शतकात मुसलमानी मुलखातून युरोपात गेले. इजिप्तच्या मामलुकांच्या पत्त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असत. युरोपला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून तिथे नुसत्या काठ्या उरल्या. पुढे १४४०च्या सुमारास उत्तर इटलीत कुणीतरी या पत्त्यांत चित्रांची पाने घातली. ती काय होती? तर हुकूम! आपण डावापुरता एक रंग हुकूम ठरवतो. ही पाने म्हणजे कायमचे हुकूम. मिलानच्या ड्यूकांच्या घरी सोन्याचा वर्ख लावलेले असे जोड रंगवून घेत. त्यावर भविष्य कुणी पाहत नव्हते, डाव टाकीत होते. फ्रान्स-ऑस्ट्रियात तो खेळ आजही चालतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली मोठा ग्रंथ लिहून हे सारे साधार मांडले.

आज जगभर ज्या चित्रांवरून लोक शिकतात, ती तर अगदी अलीकडची. लंडनमध्ये १९०९ साली आर्थर वेट नावाच्या गूढविद्येच्या अभ्यासकाने ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून काढून घेतली. तोवर छापील जोडांत साध्या पानांवर बहुधा नुसती मोजणी असे : पाच पेले, सात काठ्या. पामेलाने प्रत्येक पानावर माणसे आणली, त्यांना प्रसंग दिला. काम मोठे आणि पैसे फार थोडे, असे तिने आपल्या एका स्नेह्याला कळवले होते. जोडाला नाव लागले प्रकाशक रायडरचे आणि वेटचे. ती १९५१ साली कॉर्नवॉलमध्ये वारली, ती विपन्नावस्थेतच. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तिच्या आद्याक्षरांची वेलांटीसारखी खूण तेवढी आहे. ती खूण ओळखू येऊ लागल्यापासून पत्ते पिसताना माझा हात जरा हलका पडतो.

तुम्ही म्हणाल, एवढे सगळे कळल्यावर विश्वास उडाला असेल. भविष्यावर माझा विश्वास आधीही नव्हता. शिवाय माझ्या वाचनात फोररचा प्रयोग आला होता. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते किती जुळते याला पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. आणि गंमत अशी, की वर्णन सगळ्यांना एकच दिले होते. फुटपाथवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून वाक्ये उचलून जुळवलेले! तेव्हा "तुम्ही वरून कठोर पण आतून मऊ आहात" असे कुणालाही सांगावे, तो मान डोलावणारच.

मग मी पत्ते ठेवून का दिले नाहीत? कारण माझ्या लक्षात आले की हे काम मी वर्गात वीस वर्षे करीत आहे. कविता फळ्यावर लिहावी आणि विचारावे, "काय दिसते?" एक मुलगी सांगते पाऊस, दुसरी सांगते विरह. कविता तीच असते. जी ज्या घरातून आली, तिला ते दिसते. कवितेचे 'मार्गदर्शक' मिळतात, तशी ही पुस्तिका, परीक्षेपुरती उपयोगी. फरक इतकाच, की कवितेचा अर्थ चुकला तर दोन गुण जातात. पत्त्यांसमोर माणूस आपले आयुष्य घेऊन बसतो.

ही गोष्ट मला लवकरच जाणवली. पोपटाची चौकशी करणारे सहकारी एका संध्याकाळी कुणी नाहीसे पाहून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बढतीचं बघता का हो?" ते हसण्यावारी नेता आले. पण ग्रंथालयातल्या बाईंनी नवऱ्याच्या तपासणीचा अहवाल काय येईल असे विचारले, तेव्हा मी पत्ते पेटीतून काढलेच नाहीत. चहा मागवला आणि त्यांच्याबरोबर बसले. दुखण्याचे विचारायचे नाही आणि तिसऱ्याच्या मनातले विचारायचे नाही, हे दोन नियम त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

खरी परीक्षा मात्र मामीच्या वेळी झाली. मामी सावंतवाडीची. मामा गेल्यापासून त्या उतरणीवरच्या कौलारू घरात एकटी. एक मुलगा बंगळुरूला, एक पुण्याला. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली, तेव्हापासून मुलांनी ध्यास घेतला होता की घर विकावे आणि तिने सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहावे. तिला विचारले की ती म्हणे, "तुम्ही ठरवाल तसं." आणि घराचा विषय निघाला की उठून विहिरीवर जाई. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे जाणार हे कळल्यावर बंगळुरूच्या भावाचा फोन आला.

"ताई, तू ते पत्ते घेऊन जा. आईचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे. मांडून सांग तिला, स्थलांतराचा योग आहे म्हणून."

"पत्ते आहेत रे माझ्याजवळ," मी म्हटले, "योग नाहीत."

"अगं, तिच्या भल्यासाठीच सांगतोय. रात्री-अपरात्री पुन्हा पडली तर?"

त्याचा आवाज भरून आला होता. तो घरावर टपलेला मुलगा नव्हे. आईच्या काळजीने झोप उडालेला मुलगा आहे. एक वाक्य बोलले की सगळ्यांचा घोर मिटणार होता, आणि त्या वाक्याला पुस्तिकेत आधारही सापडला असता. सबंध प्रवासात ते वाक्य माझ्या जिभेवर होते.

मामीने पत्ते पाहिले आणि तिचे डोळे चमकले. "आमच्या गंजिफाच की गो या!" सावंतवाडीला गंजिफा रंगवतात, हे तुम्हाला ठाऊक असेल, गोल पत्ते, दशावतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, मिळून एकशेवीस. ती कला मरू घातली असता राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात पुन्हा उभी केली. मामीला पत्त्यांची भीती नव्हती आणि प्रश्न विचारण्याची रीतही ठाऊक होती. कोकणात देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर तांदळाचे दाणे किंवा पाकळ्या चिकटवतो. उजवा कौल पडला तर होकार, डावा पडला तर नकार. "पण कौलात कसं," मामी म्हणाली, "हो नाहीतर नाही. माझा प्रश्न तसा नाही."

मी म्हटले, "मग एक पान काढ. आणि मी काही सांगणार नाही. तूच सांग काय दिसतं ते."

तिने काढली पेल्यांची अठ्ठी. चित्रात रात्र आहे. पुढे आठ पेले रचून ठेवलेले, खाली पाच आणि वर तीन. लाल वस्त्रातला एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून, काठी टेकीत, डोंगराच्या दिशेने निघाला आहे. पुस्तिकेत लिहिले आहे : त्याग, निघून जाणे. भावाने मागितलेले वाक्य आयते समोर आले होते. मी तोंड मिटून बसले.

मामीने चष्मा पुसला आणि पुष्कळ वेळ पान धरून बसली. मग म्हणाली, "भांडी नीट रचून गेलाय. पसारा टाकून नाही गेला." थोड्या वेळाने : "वरच्या ओळीत एकाची जागा मोकळी आहे बघ. एक पेला बरोबर नेला असेल." आणि मग, पान खाली ठेवता ठेवता, "ह्याला कुणी धरून नेत नाहीये गो. आपल्या पायानं चाललाय."

ती रडली नाही. नंतर तासभर बोलत राहिली. जायला तिची ना नव्हतीच. रात्री तिलाही भीती वाटत होती. पण दोन्ही मुलगे येऊन चार दिवसांत घर रिकामे करणार, मामांच्या वस्तू कुणी भंगारात घालणार आणि आपण पोस्टातल्या पार्सलासारखे सहा महिन्यांनी इकडून तिकडे जाणार, हे तिला सोसवत नव्हते. हे तिने मुलांना सांगितले नव्हते, कारण मुलांनी विचारले होते ते एवढेच : येतेस की नाही?

दुसरे एखादे पान निघाले असते तर? मला वाटते, त्यातही तिला हेच दिसले असते.

रात्री मी भावाला फोन केला. "आई यायला तयार आहे. पण घर ती स्वतः आवरणार, तारीख ती ठरवणार, आणि राहणार एकाच ठिकाणी. वाटणी नको."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "हे पत्त्यांत निघालं?"

"नाही. आईच्या तोंडून निघालं."

मामी माघात निघाली. तोवर तिने हंडे-कळश्या कुणाकुणाला देऊन टाकल्या होत्या, विहिरीचा रहाट शेजाऱ्यांना दिला होता. बरोबर दोन पेट्या आणि मामांचे पितळी फुलपात्र. ती आता पुण्याला असते. पुण्याचे पाणी तिला आवडत नाही, हे ती सगळ्यांना सांगते. पण पिते ते त्याच फुलपात्रातून.

मी अजून नवशिकीच आहे. दहा पानांची मोठी मांडणी मला अजून नीट साधत नाही आणि काठ्यांची नव्वी आजही वहीत पाहावी लागते. परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, पत्ते वाचायला शिकायचं तर आधी काय पाठ करावं लागतं?" मी सांगितले, पान उलटल्यावर मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात समोरचा माणूस बोलू लागतो.