‘फक्त एक ओळ’ कुणी लिहायची?

जालन्यात बसून मी डेबियन या लिनक्स वितरणासाठी एक छोटं पॅकेज तयार करतोय. हा प्रोग्राम मराठी मजकूर उर्दू लिपीत आणि उर्दू मजकूर देवनागरीत आणतो. त्याचा शब्दकोश कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते मात्र त्याला एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगावं लागतं. मूळ लेखकाची सूचना अशी, की आपल्या बॅशआरसी फाइलमध्ये फक्त एक ओळ टाका.

अडचण तिथेच आहे. टर्मिनल उघडलं की बॅश ही फाइल वाचतो. मेनूतून प्रोग्राम सुरू केला तर सहसा ती वाचली जात नाही. त्यामुळे टर्मिनलमधून चालणारा प्रोग्राम मेनूतून उघडताच बंद पडतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना मी तो वापरायला दिला होता. दोनदा क्लिक करून ते म्हणाले, “बेटा, ये अपने से नई होता.” आयुष्यभर मुलांना दोन लिप्या शिकवलेल्या माणसाने दोष स्वतःकडे घेतला. ‘अजून एक कागद आणा’ ऐकून खिडकीवरून परत फिरायची आपल्याला इतकी सवय झालीय, की संगणकानेही तेच सांगितलं तर आपण निमूट उठतो.

डेबियनच्या धोरणात याबद्दल स्पष्ट नियम आहे, कलम ९.९. नीट चालण्यासाठी कुठलाही प्रोग्राम अशा व्हेरिएबलवर अवलंबून असता कामा नये. शक्य असेल तर प्रोग्राममध्येच योग्य मूल्य घालावं. ते सहज जमत नसेल, तर छोटी रॅपर स्क्रिप्ट लिहावी. ती व्हेरिएबल ठेवते आणि मग मूळ प्रोग्राम सुरू करते. पण वापरणाऱ्याने स्वतः काही ठरवलेलं असेल, तर त्याला हात लावत नाही. ही अट मला फार आवडते, कारण तिच्यात मदत आहे, पण मनमानी नाही.

काही व्हेरिएबल संपूर्ण सेशनची असतात, उदाहरणार्थ टायपिंगच्या इनपुट मेथडची. त्यासाठी डेबियनमध्ये आयएम-कॉन्फिग हे वेगळं पॅकेज आहे. माझ्या प्रोग्रामला तेवढ्याची गरज नव्हती. पॅकेजमध्ये शब्दकोश कुठे जाणार हे मीच ठरवतो, म्हणून तो पत्ता मी कोडमध्येच घातला.

हा बदल मूळ लेखकाकडेही पाठवलाय. त्यांनी घेतला, तर फेडोरा आणि आर्च वापरणाऱ्यांनाही तो मिळेल. तोवर प्रत्येक नव्या आवृत्तीला तो मी लावत राहीन. हे काम गुरुजींच्या वाट्याला यायचं कारण नाही.